इतिहासाला फुटलेले फाटे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विज्ञानकथा आणि पर्यायी इतिहास यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. एखादी ऐतिहासिक घटना वेगळी घडली असती तर पुढे काय झालं असतं, हे मांडणारी कथा म्हणजे पर्यायी इतिहास. घटना जिथे वळण बदलते, त्या जागेला उत्तरांमध्ये ‘फाटा’ म्हटलं आहे.

अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात नारळीकरांचा पानिपतावरचा धडा होता. तेव्हापासून या प्रकाराचं वेड लागलंय. पुढे काय वाचू? मराठीत असं आणखी आहे का?
(विद्यार्थिनी, सातारा)

पुस्तकातला ‘द अ‍ॅडव्हेंचर’ हा धडा म्हणजे कापून बेतलेलं रूप आहे. जयंत नारळीकरांची मराठी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आधी मिळवून वाचा. पुढची पुस्तकं कोणत्या कसोटीवर घासायची हे त्या कथेतच कळतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी फौजेचा धीर सुटला. कथेत ती गोळी त्यांना नुसती चाटून जाते. बदल एवढाच. फौज तीच, तोफा त्याच, आणि आधीची उपासमारही तीच. या एका गोळीतून उभं राहिलेलं जग गंगाधरपंतांना मुंबईच्या रस्त्यांवर दिसतं, जिथे कंपनी सरकार अजून नांदतंय. फाटा कुठे फुटला हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही. ते ग्रंथालयात जातात, स्वतःच्याच नावावरचे इतिहासाचे खंड काढतात आणि ओळखीचा मजकूर कुठल्या पानापासून अनोळखी होतो ते शोधतात. फाटा बारीक असावा, त्याचा परिणाम रस्त्यावरच्या वस्तूंतून कळावा आणि वाचकाला थोडं शोधायला लागावं. या प्रकारातलं चांगलं पुस्तक असंच असतं.

पुढचं पुस्तक निवडताना एक पथ्य पाळा. जो खरा इतिहास तुम्हाला माहीत आहे, त्याच्याच फाट्यावरचं पुस्तक घ्या. मूळ रस्ता ठाऊक नसेल तर लेखकाने वळण कुठे घेतलं ते कळतच नाही आणि पुस्तक साधी काल्पनिक कादंबरी वाटू लागतं. भारतीय वाचक इथेच अडकतो. अमेरिकी यादवी युद्धावरची पर्यायी कादंबरी अमेरिकी वाचकाला जेवढी झोंबते तेवढी आपल्याला झोंबत नाही, कारण १८६३ ची गेटिसबर्गची लढाई आपल्या शाळेत कोणी शिकवलेली नसते.

दुसरं महायुद्ध मात्र सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं. म्हणून दुसरं पुस्तक रॉबर्ट हॅरिस यांचं ‘फादरलँड’ (१९९२) घ्या. साल १९६४, जर्मनी जिंकलेली, हिटलरचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आलेला, आणि बर्लिनमधला एक पोलिस अधिकारी तळ्यात सापडलेल्या प्रेताचा तपास करतोय. आराखडा सरळ रहस्यकथेचा असल्यामुळे पानं उलटत राहतात. सुरू करण्यापूर्वी एकच गोष्ट वाचून ठेवा: २० जानेवारी १९४२ ची वानझे इथली बैठक आणि तिला कोण कोण हजर होतं. कादंबरीतली काही नावं तिथली खरी नावं आहेत. हे माहीत असेल तर अर्ध्या पुस्तकानंतर अंगावर काटा येतो, नसेल तर ती नुसती नावं राहतात.

तिसरं, पण घाई न करता, किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांचं ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’ (२००२). चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोप जवळपास पूर्ण रिकामा केला असता तर, हा तिथला फाटा. पुढची सहाशे-सातशे वर्षं चीन, इस्लामी जग आणि भारत यांची. एका भागात त्रावणकोरच्या फौजा वाफेच्या बळावर थेट कॉन्स्टँटिनोपल गाठतात. पुस्तकाचे दहा भाग आहेत आणि प्रत्येकात पात्रं नवी. इथे बहुतेक जण गोंधळतात आणि सोडून देतात. किल्ली अशी की तेच जीव पुन्हा जन्म घेतात आणि त्यांच्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर कायम राहतं. के, बी आणि आय या तीन अक्षरांवर पेन्सिलने खूण करत गेलात की धागा सुटत नाही. पुनर्जन्माची कल्पना आपल्याला समजावून घ्यावी लागत नाही, हा आपला फायदाच.

आता मराठीचं. अस्सल पर्यायी इतिहास मराठीत थोडा आहे, विज्ञानकथा मात्र भरपूर. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ने सुरुवात करा. मग सुबोध जावडेकरांचं ‘गुगली’ आणि ‘आकाशभाकिते’, लक्ष्मण लोंढ्यांचं ‘दुसरा आइनस्टाइन’, बाळ फोंडके आणि निरंजन घाटे यांचे संग्रह. कादंबरी हवी असेल तर लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’, किंवा अरुण साधूंची ‘विप्लवा’. आमचा कल जावडेकरांकडे आहे. त्यांच्या कथेत विज्ञान माणसाच्या निर्णयावर येऊन थांबतं आणि शेवटी व्याख्यान होत नाही. जुन्या मराठी विज्ञानकथेला तो रोग बऱ्यापैकी होता.

‘द मॅन इन द हाय कॅसल’ची एवढी स्तुती ऐकून घेतलं, पण साठ पानांवर अडकलो. दोष माझा की पुस्तकाचा?
(संगणक अभियंता, ठाणे)

क्रमाचा. जर्मनी आणि जपानने महायुद्ध जिंकलंय अशा जगाची फिलिप के. डिक यांची ही १९६२ ची कादंबरी १९६३ च्या ह्यूगो या विज्ञानकथेच्या पुरस्काराची मानकरी आहे, म्हणून प्रत्येक यादीत ती वर असते आणि नवखे वाचक तिच्यापासूनच सुरुवात करतात. यात अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत.

एक म्हणजे नायक नाही. जुन्या वस्तूंचा दुकानदार चिल्डन, जपानी अधिकारी तागोमी, कारागीर फ्रिंक आणि त्याची विभक्त पत्नी ज्युलियाना यांची आयुष्यं एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात. त्यांची गाठ पडेल याची वाट पाहत बसाल तर पुस्तक फसवतंय असं वाटेल. दुसरं, चिल्डनच्या प्रकरणांतली इंग्रजी वाक्यं मुद्दाम तुटकी आहेत. जेत्या जपान्यांची बोलण्याची ढब त्याने मनातल्या मनातही उचलली आहे. ही छपाईची चूक नव्हे. तिसरं, पात्रं ऊठसूट ‘इ चिंग’ या चिनी शकुनग्रंथाचा कौल घेतात. कथानक रचताना खुद्द डिकही तोच कौल घेत होते, त्यामुळे घटनांमध्ये काटेकोर कार्यकारण शोधू नका.

आणि फाटा कुठे आहे हे कादंबरी ओझरतं सांगते. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत झंगारा नावाच्या माणसाने निवडून आलेल्या रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात रूझवेल्ट वाचले आणि शिकागोचे महापौर सर्माक जखमी होऊन पुढे वारले. कादंबरीत रूझवेल्टच मरतात, अमेरिका मंदीतून सावरत नाही आणि महायुद्ध हरते. एवढं माहीत असलं की पहिली साठ पानं मोकळी होतात.

आमचा सल्ला: पुस्तक सहा महिने बाजूला ठेवा, मधे ‘फादरलँड’ वाचा, मग पुन्हा पहिल्या पानापासून घ्या. कादंबरीतली माणसं चोरून एक कादंबरी वाचतात, जिच्यात दोस्तराष्ट्रं जिंकलेली असतात. त्या आतल्या कादंबरीतलं जग आपल्या जगाशी ताडून पाहा. ते आपलं जग नाही, आणि पुस्तकाचा सगळा डाव तिथेच आहे. यावरची मालिका पाहून पुस्तकाचा अंदाज बांधू नका. मालिकेत पुस्तकाच्या जागी चित्रफिती आहेत आणि कथा फार लवकर वेगळ्या वाटेला लागते.

ऑर्वेलचं ‘१९८४’ आता पर्यायी इतिहासात धरायचं का? ते साल तर उलटून गेलं.
(निवृत्त ग्रंथपाल, नाशिक)

नाही. पुस्तक १९४९ मध्ये आलं, म्हणजे लिहिताना ते भविष्य होतं. भविष्य जुनं झालं म्हणून त्याचा पर्यायी इतिहास होत नाही. लेखकाने लिहितानाच घडून गेलेली गोष्ट जाणूनबुजून बदलली पाहिजे. कालप्रवासाच्या कथाही आपोआप यात येत नाहीत. प्रवासी भूतकाळात जाऊन काही बदलून आला आणि ते बदललेलं जग कथेत उभं राहिलं, तरच.

दुकानात ‘पर्यायी इतिहास’ असं कपाट नसतं. ऑनलाइन शोधावं तर त्याच दहा पुस्तकांची यादी. नवीन शोधायचं कसं?
(पुणे, कोल्हापूर आणि बंगळुरूहून आलेली पत्रं)

कपाट नसतं कारण ही पुस्तकं पसरलेली असतात. ‘फादरलँड’ थरारकथांत, डिक विज्ञानकथांत, फिलिप रॉथ यांचं ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’ (२००४) साहित्यिक कादंबऱ्यांत, आणि मायकेल शेबन यांचं ‘द यिडिश पोलिसमेन्स युनियन’ (२००७) जिथे जागा असेल तिथे. अमिताव घोषांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ला १९९७ मध्ये विज्ञानकथेचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला, तरी ते भारतीय इंग्रजी कादंबऱ्यांतच सापडतं. मराठी ग्रंथालयात दशांश वर्गीकरण असेल तर मराठी कथा-कादंबऱ्या ८९१.४६३ वर असतात, पण विज्ञानकथासंग्रह नाव पाहून ५०० च्या विज्ञान विभागात सरकवलेला असण्याची शक्यता बरीच. दोन्हीकडे पाहा, आणि बालविभागातही.

शोधण्यासाठी चार साधनं पुरतात. पहिलं ‘युक्रोनिया’, पर्यायी इतिहासाची ऑनलाइन सूची. तीन हजारांहून जास्त नोंदी आहेत, आणि खरी मौज अशी की ती फाट्याच्या तारखेनुसारही लावलेली आहे. अठराव्या शतकात कोणकोणते फाटे कल्पिले गेले हे एका दमात पाहता येतं. दुसरं साइडवाइज पुरस्काराची यादी. १९९५ पासून फक्त याच प्रकारासाठी तो दिला जातो, दीर्घ आणि लघु असे दोन विभाग. विजेत्यापेक्षा अंतिम यादी जास्त उपयोगाची, कारण विजेता एक आणि यादीत पाच-सहा नावं. तिसरं ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’. एखादी कथा कुठकुठल्या संग्रहांत आली हे तिथे कळतं. कथा हवी आणि संग्रह मिळत नाही, अशा वेळी दुसरा संग्रह तिथूनच सापडतो. चौथा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन’, ऑनलाइन आणि मोफत. लेखकावरची नोंद वाचा, पण पुस्तक वाचायचं असेल तर जपून. ते लोक शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात.

शोधताना दोन चुका फार होतात. पुरस्काराचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष एक समजलं जातं. मेरी रॉबिनेट कोवाल यांचं ‘द कॅल्क्युलेटिंग स्टार्स’ २०१८ चं, त्याला ह्यूगो २०१९ चा. मग ‘२०१९ ची पुस्तकं’ असं शोधलं की ते निसटतं. दुसरी चूक म्हणजे मुखपृष्ठामागच्या मजकुरावर विसंबणं. याच पुस्तकाच्या मलपृष्ठावरून वाटतं की १९५२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उल्का पडली हाच फाटा. पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावरची बातमीची चौकट वाचा. तिथे राष्ट्राध्यक्ष ड्यूई आहेत. म्हणजे १९४८ ची निवडणूक ट्रुमन हरले आहेत आणि फाटा चार वर्षं आधीचा आहे. अशा चौकटी, नाणी, तिकिटं, रस्त्यांची नावं सोडून वाचणारा निम्मं पुस्तक सोडतो.

मराठीत शोधायचं तर दिवाळी अंकांना पर्याय नाही. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांनी हा प्रकार वर्षानुवर्षं सांभाळला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेतून लेखक वर आले. नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ तिथे टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. अडचण एवढीच की अंकातली चांगली कथा संग्रहात येईलच असं नाही. जुने अंक चाळायचे तर रद्दीवाले आणि जुनी सार्वजनिक वाचनालयं. अनुक्रमणिकेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तोच अंक पुन्हा उचलला जात नाही.

मुलगा बारा वर्षांचा आहे. मराठी वाचतो, इंग्रजी वाचायला कंटाळतो. त्याला काय द्यावं?
(पालक, चिपळूण)

भा. रा. भागवत. ज्यूल व्हर्नच्या कथा त्यांनी मराठीत आणल्या त्या अजून ताज्या आहेत. ‘चंद्रावर स्वारी’ द्या, जमलं तर ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. सत्यजित राय यांचे प्रोफेसर शंकूही या वयाला चालतात. कथा डायरीच्या नोंदींत सांगितलेल्या आहेत, त्यामुळे थांबायला जागा मिळतात. पुढे तो इंग्रजीकडे वळला आणि व्हर्नचं ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हवं असेल, तर एकोणिसाव्या शतकातला मर्सिएचा अनुवाद घेऊ नका. स्वस्त आवृत्त्यांत तोच छापतात. त्यात मूळचा बराच मजकूर गाळलेला आहे आणि विज्ञानाच्या आकड्यांत घोळ आहेत. एफ. पी. वॉल्टर यांचा पूर्ण अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. आणि त्याने विचारलंच तर सांगा, वीस हजार लीग म्हणजे समुद्राची खोली नव्हे, पाण्याखालून कापलेलं अंतर आहे, सुमारे ८०,००० किलोमीटर.

आमच्या वाचनालयात दहा-बारा जणांचा गट दर महिन्याला भेटतो. विज्ञानकथा सुचवली की निम्मे जण ‘आम्हाला विज्ञान कळत नाही’ म्हणतात. त्यांना काय द्यायचं?
(वाचनालय कार्यकर्ती, डोंबिवली)

कादंबरी देऊ नका. ह्यूगोच्या नियमांत ७,५०० शब्दांपर्यंत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा आणि ४०,००० पर्यंत लघुकादंबरी धरतात. हे आकडे गटासाठी सोन्यासारखे आहेत. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेला वाचक मिनिटाला साधारण १५० शब्द वाचतो असं धरलं, तर ७,००० शब्दांची कथा पाऊण तासात आणि ३०,००० शब्दांची लघुकादंबरी साडेतीन तासांत होते. महिन्यात साडेतीन तास बहुतेकांना काढता येतात. चारशे पानांच्या कादंबरीला बारा-तेरा तास लागतात, आणि मग चर्चेला चौघंच वाचून येतात.

पहिल्या भेटीसाठी टेड चियांग यांच्या ‘स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स’ (२००२) या आठ कथांच्या संग्रहातली ‘टॉवर ऑफ बॅबिलॉन’ घ्या. अवकाशयानं नाहीत, यंत्रमानव नाहीत. एक बुरूज आकाशाच्या छताला टेकला आहे आणि खाणकामगार ते छत फोडायला निघालेत. विज्ञान कळत नाही म्हणणाऱ्याला कळतं की इथे एक नियम मांडून तो शेवटपर्यंत पाळायचा, एवढंच. दुसऱ्या भेटीला बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’, १९०५ साली मद्रासच्या मासिकात आलेली. पुरुष पडद्यात आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात. दहा-बारा पानांची कथा आहे, पण चर्चा दोन तास चालेल याची तयारी ठेवा. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आणि ‘स्ट्रेंज होरायझन्स’ ही मासिकं ऑनलाइन फुकट आहेत, तेव्हा प्रतींचा प्रश्नही येत नाही.

एकेकट्या माणसाला सुचवताना ‘काय आवडतं’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. लोक थोर पुस्तकांची नावं घेतात. ‘शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कुठल्या पानावर?’ असं विचारा. पन्नास पानांच्या आत सोडलं असेल तर भाषा किंवा पात्रांची गर्दी नडली आहे. मध्यावर सोडलं असेल तर कथानक थबकलं. शेवटाजवळ सोडलं असेल तर माणसं आवडली नाहीत. त्यानुसार दोनच पुस्तकं सांगा. दहा सांगितली की एकही वाचलं जात नाही. आणि आपल्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाने कधीच सुरुवात करू नका. ते नाकारलं गेलं की शिफारस करणाराच रुसतो.

फाटा आधी सांगावा का, असंही एका पत्रात विचारलं आहे. महायुद्ध, प्लेग, पानिपत असे ढळढळीत फाटे सांगायला हरकत नाही, उलट मदत होते. पण ‘फादरलँड’सारख्या पुस्तकात काय लपवलं गेलं हेच रहस्य आहे. तिथे फक्त काळ आणि ठिकाण सांगून थांबा.

थोरले माधवराव १७७२ मध्ये वारले नसते तर, यावर कथा लिहितोय. चौथ्या पानावरच सगळं खोटं वाटू लागलं. काय वाचू म्हणजे जमेल?
(बँक कर्मचारी, सांगली)

फाटा उत्तम निवडलात. पानिपताने मराठी राज्याचं जेवढं नुकसान केलं त्याहून या अकाली मृत्यूने केलेलं कमी नव्हतं, असं इतिहासकार ग्रँट डफपासून म्हटलं गेलं आहे. खोटं वाटण्याची कारणं बहुधा पुढचीच असतील.

पहिलं, तुम्ही माधवरावांना बरं केलं असेल. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. १७७२ च्या थेऊरला कोणताही वैद्य ते करू शकत नव्हता. त्यांना क्षय झालाच नाही, असं करा. म्हणजे फाटा काही वर्षं मागे न्यावा लागेल आणि तो आजाराच्या नव्हे, एखाद्या मुक्कामाच्या किंवा भेटीच्या रूपात येईल. कथेसाठी हे जास्त चांगलं, कारण तो कोणाच्या लक्षातच येणार नाही.

दुसरं, फाट्यानंतर जन्मलेली माणसं तुम्ही तशीच वापरली असतील. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा आणि दुसऱ्या बाजीरावाचा जानेवारी १७७५ चा. तुमच्या जगात हे दोघे नाहीत. नारायणराव जिवंत राहिले तर त्यांना मुलगा होईल, पण तो हा नव्हे. नाना फडणीस, महादजी, राघोबा आणि हैदर आधीचे आहेत, ते हक्काने घ्या. आर्थर वेलस्लीही १७६९ चा, म्हणजे तोही जन्मलेला आहे. तो हिंदुस्थानात येईल का, हे मात्र तुम्ही ठरवायचं.

तिसरं, पुण्याशी संबंध नसलेल्या गोष्टीही बदलल्या असतील. बंगालचा १७७० चा दुष्काळ, कंपनीचं कर्ज आणि त्यातून आलेला १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट यांचं थेऊरशी काही देणंघेणं नाही. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल होणारच. खरा बदल मुंबईत होईल. राघोबाला पेशवाईसाठी इंग्रजांच्या दारात जायची पाळी आली नाही, तर मार्च १७७५ चा सुरतचा तह नाही आणि पहिलं इंग्रज-मराठे युद्ध निदान त्या रूपात नाही. साष्टीवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा मात्र तसाच राहील. तुमच्या कथेतला संघर्ष तिथे आहे, राजधानीत नाही.

आणि बातमीचा वेग सांभाळा. पानिपतची बातमी नानासाहेबांना सुमारे दहा दिवसांनी, वाटेत, सावकारी पत्रातून कळली. दिल्लीत काही झालं आणि दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यात मसलत बसली, असं लिहिलंत की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

वाचायचं म्हणाल तर एल. स्प्रेग द कँप यांचं ‘लेस्ट डार्कनेस फॉल’. आधुनिक काळातला पुरातत्त्वज्ञ इसवी सन ५३५ च्या रोममध्ये जाऊन पडतो. तो ब्रँडी गाळतो, दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत शिकवून कर्ज मिळवतो, छपाई सुरू करतो, पण तोफ काही केल्या त्याला साधत नाही. लेखकाने कशाला यश दिलं आणि कशाला अपयश, याची यादी करत वाचा. बँकेतल्या माणसाला हिशेबाचं प्रकरण विशेष रुचेल. शिवाय हॅरी टर्टलडव यांची ‘द लास्ट आर्टिकल’ (१९८८) ही कथा. हिंदुस्थान जर्मनांनी जिंकलाय आणि समोर गांधीजी आहेत. नावापुरता भारत न वापरता भारताच्या प्रश्नालाच भिडणारी परकी कथा म्हणून ती पाहावी. एस. एम. स्टर्लिंग यांचं ‘द पेशावर लान्सर्स’ याच्या उलट. १८७८ मध्ये उल्कावर्षाव होऊन ब्रिटिश साम्राज्य दिल्लीला हलतं, अशी कल्पना झकास आहे, पण आतला हिंदुस्थान साहेबाच्या साहसकथांमधून उचललेला. काय टाळायचं हे शिकायला वाचा.

जुनी विज्ञानकथा कायदेशीरपणे फुकट कुठली उतरवता येते?
(मडगाव)

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. एच. जी. वेल्स १९४६ मध्ये वारले, म्हणजे २००७ पासून त्यांचं सगळं लेखन इथे मोकळं. ऑर्वेल (१९५०) २०११ पासून. डिक १९८२ मध्ये गेले, तेव्हा २०४२ संपेपर्यंत थांबा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग अमेरिकी कायद्याने चालतं, तिथे या जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षांचा, त्यामुळे वेल्सची १९३० नंतरची काही पुस्तकं भारतात मोकळी असूनही तिथे दिसत नाहीत. अनुवादाचा हक्क वेगळा. व्हर्न १९०५ मध्ये वारला तरी भागवत २००१ मध्ये गेले, म्हणून त्यांचे अनुवाद विकतच घ्यायचे किंवा वाचनालयातून आणायचे.

असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका कथेच्या काळानुसार वाचू की प्रकाशनाच्या क्रमाने?
(जळगाव)

प्रकाशनाच्या. ‘फाउंडेशन’ (१९५१), ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२), ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३), मग ‘फाउंडेशन्स एज’ (१९८२) आणि ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६). आधीच्या काळातली ‘प्रील्यूड टु फाउंडेशन’ (१९८८) पहिली घेतलीत, तर मूळ पुस्तकांनी राखून ठेवलेली गुपितं आधीच फुटतात. पहिल्या तिन्हीत पात्रं दर काही प्रकरणांनी बदलतात, कारण ती मासिकांत सुट्या कथा म्हणून आली होती. एका बैठकीत एक कथा, असं वाचा. तिसऱ्यानंतर थांबलात तरी चालेल.